ओळखीचे उतारू

जुंबेरला मूर्ख म्हणणारे आमच्या गल्लीत ढीगभर आहेत. मीही म्हणायचे, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचे. पण तो गेल्यापासून दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या गाडीत फुकट बसून बाजारहाट केलेल्यांनी तरी जीभ आवरावी. मी भट्टीवर रोट्या लावते, गल्लीच्या तोंडाशीच माझी खिडकी आहे. कोण कधी आलं, कोण कुणाच्या गाडीत बसलं, सगळं मला दिसतं. कुणी माझ्यासमोर खोटं बोलायला येऊच नये.

आधी तो ट्रॉलीबस चालवायचा. डोक्यावर दोन लांब काठ्या, त्या वरच्या विजेच्या तारांना टेकलेल्या, आणि खाली कुताइसीचं अर्धं शहर कोंबलेलं. वळणावर काठ्या तारांवरून निसटायच्या. मग जुंबेर टाय सारखा करून, हातमोजे चढवून खाली उतरायचा, दोर ओढून काठ्या पुन्हा जागेवर बसवायचा आणि उतारूंची माफी मागून गाडी सोडायचा. हो, माफी! जशी काही तार त्याच्या बापाने बांधली होती. लामारा त्याचा शर्ट रोज इस्त्री करून द्यायची. ती रेशमाच्या गिरणीत कामाला होती, आणि ट्रॉलीबसचा ड्रायव्हर आपला नवरा आहे याची तिला भारी ऐट होती.

तेव्हा पैशाला त्याचा हात लागत नसे. भाडं डब्यात पडायचं, डबा सरकारचा, सरकार कुणाचंच नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की दोन ओळखीचे पुरुष एका गाडीत भेटले की कोण कुणाचं भाडं भरणार यावरून हातघाई. एक दुसऱ्याचा हात धरतोय, दुसरा त्याचा खिसा दाबतोय, आणि उतरायचं ठिकाण मागे गेलेलं. ओळखीच्या माणसाला स्वतःचे पैसे भरू दिले तर ती गोष्ट पोराबाळांच्या लग्नापर्यंत निघायची. "तो का? त्याने माझ्या बापाला स्वतःचं भाडं स्वतः भरू दिलं होतं!" झालं, सोयरीक मोडली.

मग देश मोडला, त्याचे तुकडे झाले. गिरणी बंद पडली, दिवे गेले, वीज आली तर आली. उभ्या ट्रॉलीबसच्या डोक्यावरच्या तारा लोकांनी तांब्यासाठी कापून विकल्या. वर बसलेली माणसं टीव्हीवर येऊन सांगायला लागली की आता बाजार आलाय, ज्याला जे परवडेल त्याने ते चालवावं. ट्रॉलीबस कुणालाच परवडत नव्हती. आमच्या मार्गावरची बंद झाली आणि ज्याच्याकडे चार चाकं होती त्याने मिनीबस आणली. सगळ्या जर्मनीतून आलेल्या जुन्या गाड्या. कुठे दारावर जर्मन बेकरीचं नाव, कुठे नळ दुरुस्त करणाऱ्याचं.

आणि बायका ग्रीसला जायला लागल्या. हे पुरुषांना सांगायला लाज वाटते म्हणून मी सांगते. आमच्या गल्लीतून एकेक करून गेल्या. शिक्षिका गेल्या, परिचारिका गेल्या. तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायची, त्यांना न्हाऊ घालायचं, त्यांच्या घरात राहायचं आणि पैसे इकडे धाडायचे. दोन वर्षांसाठी म्हणून जायच्या. एकही दोन वर्षांत आली नाही. लामाराच्या चुलतबहिणीचाही ग्रीसमधल्या सालोनिकाहून फोन यायला लागला: "ये गं, जागा आहे, म्हातारी स्वभावाने बरी आहे." लामारा-जुंबेरची लेक नेस्तान तेव्हा राजधानीत, तिबलिसीला डॉक्टरकी शिकत होती. तिची फी, खोलीचं भाडं, आणि घरात कमावणारं कुणीच नाही.

ईस्टरच्या जेवणाला जुंबेरने वाइनचा पेला उचलला. आम्ही सगळे होतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "देवासमोर सांगतो. मी हिंडता-फिरता आहे तोवर लामारा परमुलखात कामाला जाणार नाही." आणि तळापर्यंत प्याला. आमच्याकडे पेला हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. लामारा खाली मान घालून मक्याची भाकरी मोडत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता, काय सांगू! नव्या नवरीच्या चेहऱ्यावर नसेल तेवढा.

बद्री नावाच्या तरुण पोराकडे चार मिनीबस होत्या. त्याने जुंबेरला एक दिली. रोजची ठरलेली रक्कम बद्रीची, पेट्रोल जुंबेरचं, वर उरेल ते जुंबेरचं. आणि मार्ग कुठला हवा विचारलं तर या शहाण्याने आमचाच मागितला! का, तर रस्ता पाठ आहे, खड्डे ओळखीचे आहेत. अरे बाबा, खड्डे ओळखीचे म्हणजे माणसंही ओळखीची, नाही का? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी टाय बांधून आला. पहिला उतारू अंब्रोसी, आमच्या गल्लीतला म्हातारा न्हावी. मीही त्याच गाडीत होते, पिठाला चालले होते. मिनीबसमध्ये पैसे उतरताना द्यायचे असतात, थेट ड्रायव्हरच्या हातात. अंब्रोसीने नाणी पुढे केली.

जुंबेर त्या नाण्यांकडे बघतच राहिला. "हे काय?"

"भाडं. काय असणार?"

"अंब्रोसी, तू माझ्या लग्नात नाचला आहेस."

"नाचलो. त्याचे मी घेतले नाहीत, याचे तू घे."

"ठेव ते खिशात. आणि उतरताना जपून, पायरी उंच आहे."

"अरे, गाढवा, तुला पेट्रोल कोण देणार आहे?"

"उतर म्हणतो ना!"

अंब्रोसीने नाणी सीटवर टाकली आणि पळाला. जुंबेरने खाली उतरून त्याला गाठलं आणि नाणी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली. तेवढ्यात मागचे दोन अनोळखी उतारू पैसे न देताच सटकले. मी माझे द्यायला गेले तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्याला शिवी दिली होती.

दुसऱ्या दिवशी तो रोटी घ्यायला आला तेव्हा मी त्याला धरलं. रोटीचे पैसे त्याने खिडकीत मोजून ठेवले होते.

"मी तुझी शेजारीण ना?" मी विचारलं.

"मग?"

"मग रोटीचे पैसे का देतोस? मी तर सख्ख्या बहिणीकडूनसुद्धा घेते, आणि शरमत नाही."

"रोटीची गोष्ट वेगळी, नातेला. तू पीठ मळतेस, हात भाजून घेतेस. मी काय करतो? गाडी तिकडे जातेच आहे. माणूस त्यात बसला काय, न बसला काय. जाणाऱ्या गाडीत शेजाऱ्याला बसवायचे पैसे घ्यायचे? मग उद्या अंगणात सावलीला बसला तर त्याचेही घेऊ का?"

 भीड ही भिकेची बहीण, एवढंच मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

तरी पहिले काही महिने कसंबसं चाललं. स्टेशनावरून येणारे परके उतारू पैसे द्यायचे, त्यांचे तो घ्यायचा. पण जुंबेरची ओळख म्हणजे महापूर. ट्रॉलीबसवर इतकी वर्षं काढलेली, अर्धं शहर त्याला नावाने हाक मारायचं. आणि जो परका दोनदा गाडीत बसला, त्याला हा तिसऱ्यांदा विचारायचा, "कसे आहात? मुलाचा खोकला बरा झाला का?" संपलं! मुलाच्या खोकल्याची चौकशी केलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? लामारा घरी रोज विचारायची, "काय उरलं?" आणि तो म्हणायचा, "उद्या बघ." चुलतबहिणीचा फोन आला की तोच उचलायचा आणि म्हणायचा, लामारा घरी नाही.

गल्लीला हे कळत होतं. आम्ही काही आंधळे नाही. माझ्या भट्टीपाशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची बैठकच बसली. अंब्रोसी म्हणाला, "हा पैसे घेत नाही आणि फुकट बसलो तर त्याची बायको ग्रीसला जाते. तेव्हा आपण बसायचंच नाही. चालत जायचं, नाहीतर दुसरी गाडी धरायची." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? फक्त त्याला सांगायचं कुणी? तुझी गरिबी आम्हाला कळली, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं? छे. मेला असता तो लाजेने. मग कुणीच सांगितलं नाही.

आणि सुरू झाला तमाशा. जुंबेरची गाडी दिसली की अख्खी गल्ली पाठ फिरवायची. अंब्रोसी, या वयात, अक्रोडाच्या झाडामागे लपायचा, आणि पोट झाडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. शाळेत झाडलोट करणारी वेनेरा बुटाची नाडी बांधायला वाकायची. तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

जुंबेरला वाटलं, गल्लीने त्याला वाळीत टाकलं.

एक दिवस गाडी भट्टीसमोर उभी करून तो आत आला. चेहरा उतरलेला. "नातेला, खरं सांग. माझं काय चुकलं?"

"कुठे काय?"

"लोक तोंड फिरवतात. बद्रीच्या गाडीवर बसलो म्हणून मी धंदेवाईक झालो असं वाटतं का त्यांना? स्टेशनवाल्यांकडून घेतो ते त्यांना दिसतं का? मी एका तरी शेजाऱ्यापुढे हात पसरला आहे का?"

मी म्हटलं, "जुंबेर, तसं नाही रे." आणि पुढे सांगणारच होते. पण त्याचे डोळे भरलेले बघितले आणि भट्टीकडे वळले. "त्यांना चालायला आवडतं आजकाल," असं काहीतरी बरळले.

मग तर त्याने कहर केला. गाडी थांबवून, मागे घेऊन, माणसांना दंडाला धरून आत बसवायला लागला. "बस! माझी गाडी काय विटाळली आहे?" झाडामागून अंब्रोसीला बाहेर ओढलं. आपण पैशाला हपापलेले नाही हे दाखवायला स्टेशनच्या उतारूंचेही परत करायला लागला. लोक त्याचं घर वाचवायला पळत होते आणि तो त्यांची मनं राखायला त्यांच्या मागे धावत होता. दोघंही सज्जन. देवा रे, या सज्जनांनी त्या बाईच्या संसाराचं वाटोळं केलं.

शेवटी लामाराने कंबर कसली. सकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आज मी त्याच्या शेजारी बसणार. पैसे मी घेणार."

"त्याला विचारलंस?"

"विचारायला काय, मी त्याची बायको आहे."

मी भट्टी बहिणीवर सोपवली आणि गाडीत चढले. मला राहवेना. लामारा पुढच्या सीटवर ताठ बसली, मांडीवर पर्स, अंगावर गिरणीतल्या समारंभाचा निळा झगा. जुंबेर समोर बघत गाडी चालवत होता. स्टेशनच्या उतारूंकडून तिने चढतानाच पैसे घेतले. पुलापाशी वेनेरा उतरली. तिला तर मोठी सुटकाच वाटली. तिने चटकन नाणी लामाराच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घे गं बाई, देव तुझं भलं करो."

जुंबेरने ब्रेक मारला. गाडी भर रस्त्यात उभी. मागचे भोंगे वाजवताहेत. त्याने लामाराच्या मांडीवरची पर्स उचलली आणि सीटसीटपाशी जाऊन पैसे परत द्यायला लागला. कुणी किती दिले होते त्याला काय ठाऊक! हाताला येईल ते देत होता. एकाला दिल्यापेक्षा जास्त मिळाले, तो गुपचूप खिशात घालून उतरून गेला.

लामारा ओरडली नाही. ती तशीच बसून म्हणाली, "दे, दे. सगळ्यांना वाटून टाक. आणि मग मला ग्रीसच्या गाडीपर्यंत पोचवून ये."

 जुंबेरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल, पर्स तिला परत देईल. त्याने वेनेराची नाणी मुठीत धरली, खाली उतरला आणि पुलावरून तिच्या मागे धावला.

संध्याकाळी लामारा माझ्याकडे पीठ चाळायला बसली. एक परात चाळून झाली. मग म्हणाली, "तुला ठाऊक आहे मला कशाचा राग येतोय? वेनेराने हातात पैसे ठेवले तेव्हा मलाच ते परत द्यावेसे वाटले. दारुड्या नवऱ्याच्या हाताखाली पोरं वाढवलेली बाई ती. तिच्याकडून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तरी त्याला काय बोलू? मीही त्याच मातीची."

"मग आता?"

"आता काय. तिकडे मला कुणी ओळखत नाही. तिकडे पैसे घेता येतील."

आम्ही दोघी रडलो. पीठ ओलं झालं, ते टाकून द्यावं लागलं.

बद्री वाईट पोरगा नव्हता. टोपी काढून आला होता. "जुंबेरकाका, तुमच्यासारखी गाडी कुणी राखली नाही. पण मी धर्मशाळा काढलेली नाही हो. मलाही घर आहे." जुंबेरने गाडी आतून-बाहेरून धुतली, काचा पुसल्या आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानंतर कुठलीच गाडी त्याने हातात धरली नाही.

ग्रीसची बस बाजारापासून सुटते. लामाराला पोचवायला सगळी गल्ली आली. चालत आली. कुणी चीज आणलं, कुणी आंबट प्लमच्या चटणीच्या बाटल्या, जशी ती सासरी चालली होती. जुंबेरने तिची बॅग वर ठेवली. पेला उचलून केलेली शपथ सगळ्यांना आठवत होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तो खिडकीखाली उभा राहिला. मला वाटलं आता तरी म्हणेल, जाऊ नकोस. तो म्हणाला, "खिडकीशीच बस. तुला गाडी लागते." लामारा म्हणाली, "दोन वर्षं." आणि बस गेली.

दोन वर्षांचं काय झालं ते आमच्याकडे कुणालाही विचारा. तिच्याकडे कागदपत्रं नव्हती. ग्रीसमधून बाहेर पडली की परत आत शिरता येणार नाही. आधी नेस्तानचं शिक्षण राहिलं होतं, मग छप्पर गळायला लागलं, मग नेस्तानचं लग्न निघालं. लग्न लामाराने फोनवर ऐकलं. पहिली म्हातारी वारली, दुसरी मिळाली, मग तिसरी. पैसे दर महिन्याला यायचे. जुंबेर ते नेस्तानला द्यायचा, स्वतःसाठी त्यातली रोटीसुद्धा घ्यायचा नाही. बाजारात दुसऱ्यांच्या भाज्यांची पोती उचलून पोट भरायचा, आणि शर्ट स्वतः इस्त्री करायचा. इस्त्री त्याला कधी जमली नाही.

पुष्कळ वर्षांनी शहराने नव्या मोठ्या बस आणल्या. ड्रायव्हर काचेच्या आड, दारापाशी यंत्र, त्याला कार्ड टेकवायचं, ते किणकिणतं, झालं. जुंबेर एकदा बसून आला. येऊन माझ्या खिडकीशी टेकला.

"कशी आहे रे?" मी विचारलं.

"छान आहे. अंब्रोसी चढला, यंत्राने त्याचे घेतले. मी चढलो, माझेही घेतले. ड्रायव्हरने मान वर केली नाही." खिडकीत सांडलेलं पीठ त्याने बोटाने गोळा केलं. "यंत्राला कुणी ओळखीचं नसतं, नातेला. हे तेव्हा आणलं असतं तर लामारा घरी असती."

त्या हिवाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं. पोतं खांद्यावर असतानाच.

अंगण भरलं, गल्ली भरली, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. नेस्तान शुद्धीवर नव्हती, म्हणून कुणीतरी फोन माझ्या हातात दिला. फोनवर लामाराचा चेहरा. किती म्हातारी झाली होती! काळा रुमाल कुठून मिळवला होता कोण जाणे. आधी तिने त्याला बघितलं. "कॉलर नीट कर गं त्याची," म्हणाली. मी केली. मग म्हणाली, "बाहेर दाखव. कोण कोण आलंय?"

मी फोन फिरवला. पायऱ्यांवर, फाटकात, भिंतीवर माणसं. काठीवर टेकून अंब्रोसी. वेनेरा, तिची मुलं, सुना. स्टेशनवरचे कुठले कुठले, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. लामारा बघत राहिली.

"एवढी माणसं?"

"सगळी आलीत गं. एकही मागे राहिलं नाही."

"मग मी इथे का आहे, नातेला?"

 जिभेचा पट्टा चालवणारी बाई मी, पण नुसता फोन पुन्हा माणसांकडे फिरवला. तेवढ्यात तिकडून कुणीतरी कण्हल्यासारखी हाक मारली. लामाराने डोळे पुसले. "म्हातारी उठली. तिला बसवून येते, नाहीतर घसरेल. थांबव त्यांना, मी आलेच." तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. मला परक्या स्वयंपाकघराची भिंत दिसत होती आणि तिचा आवाज ऐकू येत होता. ग्रीक भाषेत, लहान मुलाला चुचकारावं तसा.

मी सगळ्यांना म्हटलं, जरा थांबा. थांबले. पण शवपेटी किती वेळ हातांवर धरणार? रीतीप्रमाणे ती दाराच्या चौकटीला तीनदा टेकवली आणि निघाले. मी फोन उंच धरून त्यांच्या मागे चालले. "लामारा, निघाले गं! लामारा!" ओरडत होते. फोनमध्ये नुसती भिंत होती.